विंगेतली शिटी

कुसुमटोला, ता. आमगाव
२५ ऑगस्ट २०२५

सौ. फुलवंताबाईंना भुवनेश्वर बिसेनचा नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, कोणी मेलेलं नाही. फोन का केला नाही म्हणाल, तर माझा फोन बिघडला आहे. कानाला लावला की आत बारीक शिटी वाजते. आमगावात दुकानात दाखवला, तो पोरगा म्हणतो, "काका, फोन एकदम ओके है." आजकालच्या पोरांना कानच नाहीत. शेवटी कागद घेतला. तुमचा भाचा लखन काळी-पिवळी जीप घेऊन देवरीकडे रोज जातो-येतो, त्याच्याच हाती हे पत्र देतो आहे.

दिवाळीनंतरच्या आमच्या मंडईच्या जत्रेत, नाटकात, तुम्ही शेवटच्या उभ्या राहिलात, त्याला आता तप झालं. तुमच्यानंतर आम्ही दरवर्षी वडशाहून नट्या आणतो. कामं बरी करतात. पण रोज नवं गाव, रोज नवं नाटक, वाचायला वेळ कुठला? रंग लावला की उभ्या. मग विंगेतून मी वाक्य टाकायचं आणि त्यांनी उचलायचं. सगळं नाटक माझ्या तोंडून निघून त्यांच्या तोंडातून लोकांत जातं. तुम्हाला हे मी काय सांगावं!

आता बातमी. यंदा नट्या आणायच्या नाहीत, असं मंडळानं ठरवलं. नायिका गावातलीच. कोण, तर माझी रिंकी! गावाच्या स्टेजवर गावची पोरगी पहिल्यांदाच उभी राहणार. अध्यक्ष टिकेश पटले घरी विचारायला आला तेव्हा मीच गार पडलो. मी तर यंदा प्रॉम्प्टिंग सोडायच्या बेतात होतो. वय झालं, तब्येत कुरकुरते. पण रिंकी सगळ्यांसमोर म्हणाली, "बाबा विंगेत बसतील तं मी उभी राहीन. नाही तं तुमच्या नट्या आणा." झालं! आता माझी सुटका नाही.

तालमी सुरू झाल्या आहेत आणि माझं डोकं फिरलं आहे ते भैय्यालालपायी. आमचा माईकवाला हो, तुमच्या वेळचाच. त्याचे माईक तालमीभर शिटी मारतात. मी ओरडतो, तो वायरी हलवतो आणि म्हणतो, "भाऊ, मले तं काही आयकू येत नाही." शेवटी त्याला काढून टाकला. आमगावहून दुसरा आणला, तर त्याचेही माईक तसेच! घरी फ्रीजसुद्धा कुंईकुंई करतो. परवा रात्री मी तो बंद करून ठेवला, तर सकाळी पोळ्याच्या पाडव्यासाठी आणलेलं दूध नासलं आणि तुमच्या वहिनीनं, योगेश्वरीनं, माझा उद्धार केला.

तुम्ही इतकी वर्षं माईकपुढे काढलीत. माईक शिटी मारायला लागला की तुम्ही काय करायच्या, तेवढं कळवा. आणि एखाद्या दिवशी येऊन रिंकीचं काम बघून जा.

आपला,
भुवनेश्वर

*

चिचगड
३ सप्टेंबर

भुवनेश्वरभाऊ, जय सेवा.

पत्र भेटलं. लखन म्हने, "मामी, प्रेमपत्र आलं." त्याच्या मामानं त्याले काठी दाखवली तवा गप बसला. दसरू म्हंजे माझे मालक, तुमचे जावई, आता वनमजुरीतून रिटायर झाले, दिवसभर घरीच असतात, त्याईले काठी दाखवायले कोनी तं पाहिजे.

रिंकी नायिका! भाऊ, मी पत्र वाचता वाचता उठून उभी राहिली. ते पोट्टी मले आठवते, विंगेत तुमच्या मांडीवर झोपून राहायची, अन् टाळ्या वाजल्या का झोपेतच टाळ्या वाजवायची. गावच्या पोरीनं गावातच उभं राहनं सोपं नाही. आमी परगावच्या होतो, सकाळी तोंड धुतलं का गाडीत बसलो. तिले तं दुसऱ्या दिवशी त्याच लोकाईच्या धानाच्या बांधीवरून जायचं आहे. लय मोठी छाती आहे तिची.

आता तुमची शिटी. तुमी रागावनार, रागवा. फोन बिघडला. भैय्यालालचा माईक बिघडला. दुसऱ्याचाही बिघडला. फ्रीजही बिघडला. भाऊ, गावातल्या साऱ्या मशिनी एकाच महिन्यात बिघडत नसतात.

माझं एक काम करा. सांजच्या पारी एकटेच बांधीवर जा. मोटार बंद, फोन घरी. धुऱ्यावर, बांधीच्या काठाले, बसा अन् ऐका. मंग मले लिवा. खरं लिवजा. नाटकातलं मराठी नोको.

येनं मात्र जमनार नाही. घरची कामं आहेत.

फुलवंता

*

कुसुमटोला
२१ सप्टेंबर

फुलवंताबाई,

बसलो धुऱ्यावर. आधी दहा दिवस बसलो नाही, कारण तुमचं पत्र वाचताच मला कळलं होतं. कळलेलं मान्य करायला धुरा लागला.

धान निसवायला लागलं आहे. वारा पडला होता. एक बगळा, बाकी कोणी नाही. आणि शिटी होती. डाव्या कानात, बारीक, न तुटणारी, सारखी किर्रर्र. मी पाठ वळवली, ती माझ्यासोबत वळली. कान दाबून धरले, तर अजून जवळ आली. बाई, खरं सांगतो, मी साठीला आलेला माणूस त्या धुऱ्यावर घाबरून रडलो. छाती इतकी धडधडली की वाटलं, आता इथंच आडवा होतो.

मग गोंदियाला गेलो, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. आधी कानातला मळ काढला, बीपी बघितलं, मग एका काचेच्या खोलीत बसवून बारीक बारीक आवाज ऐकवले. काही ऐकू आले, काही नाही. डॉक्टर म्हणाला, "जान को कोई खतरा नहीं है, दादा. सुनना थोड़ा कम हुआ है, उमर का है, और बरसों भोंगे के पास बैठे हो. आवाज़ शायद रहेगी. डर कम होगा तो वो भी छोटी लगेगी." मी विचारलं, गोळी? तो म्हणाला, आवाज बंद करणारी गोळी नाही. हे ऐकायला मी दोन तास रांगेत बसलो होतो!

आता रात्रीची गोष्ट. सगळे झोपले की मी उठतो. पंखा बंद करतो, फ्रीज बंद करतो, आणि अंधारात उभा राहून ऐकतो, गेली का? गेलेली नसते. उलट शांततेत ती घरभर होते. मग झोप नाही. सकाळी मात्र फ्रीज चालूच असतो. झोपेच्या झोकात मीच तो परत लावत असेन. डोकंच ठिकाणावर नाही.

घरी कोणाला सांगितलेलं नाही. रिंकीला तर मुळीच नाही. बापाच्या कानाचा भरवसा नाही, हे कळलं तर ती स्टेजवर पाऊल ठेवणार नाही. भैय्यालालला परत बोलावलं आहे, पण कशासाठी काढलं होतं ते सांगायला तोंड नाही. तो बिचारा नवा माईक घेऊन आला! रिंकीचं पाठांतर मात्र बघत राहावं असं आहे. वडशाच्या नट्यांना मी ओळीमागून ओळ द्यायचो, हिला सगळ्या अंकात चार-पाच जागी शब्द लागतो. पण त्या चार-पाच जागाच तर प्रॉम्प्टरच्या असतात.

तुम्हाला कसं कळलं, ते सांगाल?

भुवनेश्वर

*

चिचगड
२९ सप्टेंबर

भाऊ,

कसं कळलं म्हंता, तं ऐका. माझ्या दोन्ही कानात तेच आहे. स्टेज सोडली तवापासून. त्याच्यासाठीच सोडली.

तुमाले साऱ्याईले वाटलं, फुलवंताचं वय झालं, नवऱ्यानं बंद केलं. वाटू देल्लं. दसरूनं कधी बंद नाही केलं, बिचारा माझा रंगाचा डब्बा डोक्यावर घेऊन फिरला आहे. एका मंडईत भोंग्याखाली उभी होती, दुसऱ्या दिवशी कानात रातकिडा बसला तो उठलाच नाही. पहिलं वर्स मी बी तुमच्यावानीच केलं. कोंबड्या कोंडल्या, घड्याळ अंगनात नेऊन टाकलं, दसरू घोरला का त्याले उठवून बसवलं. शांत, शांत पाहिजे मले! अन् जेवढं शांत केलं तेवढी ती मोठी झाली. मी मरून जाईन म्हने. दसरू मले रोज सकाळी हात धरून रानात न्यायचा. काही बोलायचा नाही. मोहाच्या झाडाखाली बसवायचा अन् म्हनायचा, येच.

तवा मले पहिली गोष्ट समजली. मोहफुलं येचता येचता मी घटकाभर तिले विसरली होती. ती गेली नव्हती, मीच तिच्याजवळ नव्हती.

म्हनून सांगते. रात्री फ्रीज बंद करू नोका. पंखा चालू ठेवा, रेडिओ बारीक लावा, पाऊस पडत असंन तं खिडकी उघडा. मी तं माठाले बारीक छेद करून खाली बादली ठेवली आहे, रातभर टिप टिप. सासू म्हने, येडी झाली. आता सासूलेच त्याच्याबिगर झोप येत नाही.

दुसरं. 'गेली का, गेली का' असं पाहू नोका. पाहुनी दारात बसली आहे, तुमी घडी घडी जाऊन 'बाई, कधी जाता?' म्हटलं तं ते कायले उठंन? तिले म्हना, आली का, बस तिकडं, मले काम आहे. अन् खरंच काम करा. हातानं करा. तांदूळ निवडा, दोर वळा. छाती धडधडली तं श्वास हळू सोडा, घेन्यापेक्षा सोडनं लांब. मी जुन्या नाटकातली भाषनं म्हनत बसते. माझी नाही, दुसऱ्याईची. तुमच्यापासून ऐकून पाठ झाली होती.

तिसरं. कधी कधी ती उसळते. कारन असते, नाही तं नसतेही. जागरन, भोंगा, फटाके, घरची कटकट. उसळली म्हंजे वाढली असं नाही. खाली येते. माझी आजवर दरवेळी आली.

डीजे जवळ जाऊ नोका. गेलेच तं गोंदियात रबरी बुचं भेटतात, ते कानात घाला. पन घरात बुचं घालून बसू नोका, तं ती अजून मोठी वाटते.

भैय्यालालले सांगून टाका. भला मानूस आहे.

फुलवंता

*

कुसुमटोला
५ ऑक्टोबर

फुलवंताबाई,

तीन दिवस तुमचं सगळं ऐकलं. फ्रीजला हात लावला नाही. रेडिओ उशाशी. योगेश्वरीबरोबर बसून घरच्या बियाण्याचं धान निवडलं, ती म्हणाली, सूर्य कुठून उगवला? दोन रात्री पूर्ण झोप लागली. मी तुम्हाला पत्र लिहायच्याच बेतात होतो की, बाई, तुम्ही डॉक्टरापेक्षा भारी.

आणि दुर्गेच्या विसर्जनाला डीजे आला. गल्ली अरुंद, भिंतीएवढे ते खोके. मी बाजूनं निघून जात होतो, तेवढ्यात त्यांनी माझ्या शेजारीच तो चालू केला. बुचं घरी, खुंटीवरच्या सदऱ्यात. रात्रीपासून कानात शिटी नाही, गिरणीचा भोंगा आहे. आज तिसरा दिवस. जेवण उतरत नाही. परवा तालमीत रिंकी एका वाक्यानंतर थांबली. मला वाटलं, अभिनयातला थांबा आहे. ती विसरली होती! सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिनंच कसंबसं पुढचं उचललं. नंतर घरी मला म्हणाली, "बाबा, तुम्ही दमले का?"

बाई, प्रॉम्प्टर म्हणजे काय? नट गप्प झाला की ती शांतता कोणती आहे, ते ओळखणारा माणूस. भूमिकेतली, की विसरण्यातली? माझी सगळी विद्या एवढीच. आणि आता माझ्यासाठी शांतता उरलीच नाही, सगळीकडे शिटी आहे. मंडईच्या रात्री गावापुढे माझी पोर तोंड उघडं टाकून उभी राहिली, तर लोक म्हणतील, गावच्या पोरींचं हे काम नव्हे. परत कोणाची पोर त्या स्टेजवर चढणार नाही. आणि ते माझ्यापायी होईल.

उद्या टिकेशला सांगतो, दुसरा प्रॉम्प्टर बघा. रिंकी रुसेल, पण तिचं हसं तरी होणार नाही.

भुवनेश्वर

*

चिचगड
६ ऑक्टोबर

भाऊ,

लखनले गाडीत बसवून ठेवला आहे, त्याच्या सवाऱ्या बोंबलून राहिल्या. हे पत्र भेटेपर्यंत टिकेशले काही सांगू नोका.

तुमी मले काय शिकवलं होतं ते तुमी विसरले, मी नाही विसरली. माझं तुमच्या गावातलं पहिलं नाटक. दुसऱ्या अंकात मी विसरली. मी काही बोलली नाही, हालली नाही, चेहरा बी तसाच ठेवला, तरी तुमी शब्द टाकला. नाटक झाल्यावर मी विचारलं, भाऊ, तुमाले कसं समजलं? तुमी म्हनले, "बाई, विसरलेला नट पायाचा अंगठा दाबतो. तोंड खोटं बोलते, अंगठा नाही." मी त्या दिवसापासून साऱ्या नटाईचे अंगठे पाहत आली. अगदी खरं आहे.

तं मले सांगा, अंगठा कानानं दिसते का? तुमी आमाले ऐकून नाही ओळखलं, पाहून ओळखलं. रिंकीले सांगा, अनवानी उभी राह, तिचं सोंग गरीब बाईचं आहेच. तुमी विंगेच्या तोंडाशी बसा, तिचे पाय दिसले पाहिजे. अन् तिले तुमचे ओठ दिसले पाहिजे. बस.

आनखी एक सांगते, कधी सांगितलं नाही. आमी साऱ्या नट्या रोज नव्या गावात, नव्या लोकाईपुढे उभ्या राहायचो. प्रॉम्प्टर लय पाहिले. कोनी बिडी पेत बसते, कोनी झोपते, कोनी मुद्दाम शब्द दाबून धरते, बाईची फजिती पाहायले. तुमच्या गावी जायचं असलं का आमी एकमेकीले म्हनायचो, आज बिसेनभाऊ आहेत, आज पोटभर जेवजा. भेव नसलं तंच भूक लागते, भाऊ. लोकाईनं टाळ्या आमाले देल्ल्या. त्यातल्या अर्ध्या तुमच्या विंगेत टाकाव्या असं मले दरवेळी वाटलं.

उसळलं आहे ते खाली येईन. आठ दिवस द्या, पंधरा द्या. तवर धान निवडा.

मी मंडईले येनार नाही, खोटी आस लावत नाही. मंडपात पाऊल टाकायची माझी हिंमत तवाच गेली. पन तुमी जा.

फुलवंता

*

कुसुमटोला
१२ नोव्हेंबर, सकाळ

फुलवंताबाई,

सारं गाव झोपलं आहे. मंडपात कुत्री आणि फुटाण्याचे कागद. मी अंघोळ करून ओट्यावर बसलो आहे, लखन सकाळची पहिली फेरी मारतो, तेवढ्यात हे लिहून द्यायचं आहे. कोणाशी बोलण्याआधी तुम्हाला सांगायचं आहे.

टिकेशला काही बोललो नाही. दिवाळीत बुचं घातली, फटाक्यांपासून लांब राहिलो, लोकांना वाटलं, म्हातारा भित्रा झाला. भोंगा हळूहळू शिटीवर आला. तुम्ही म्हणाला होता तसाच, अगदी तसाच. रिंकीला अनवाणी उभी केली. काल रात्री पडदा उघडला आणि मी विंगेच्या तोंडाशी, गुडघ्यावर नाटकाची वही, नजर तिच्या पायांवर.

बाई, पोरीनं काय काम केलं! बाप म्हणून नाही बोलत, एवढी वर्षं विंगेत बसलेला माणूस म्हणून बोलतो. पहिल्या अंकात मागच्या पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या, तिनं एक नजर टाकली आणि वाक्य खालच्या आवाजात घेतलं. गप्प झाले. दुसऱ्या अंकात माझ्या पुढ्यात बसलेली गावातल्या मनिरामची आई पदरानं डोळे पुसत होती, आणि ती बाई नवऱ्याच्या मयतीलाही रडली नव्हती.

आणि तिसरा अंक. नाटकातली कावेरी, म्हणजे आमची रिंकी, भर पंचायतीत बोलते ते लांब भाषण. ती अर्ध्यावर आली आणि माझ्या कानात शिटी उसळली. अशी कधीच उसळली नव्हती. विसर्जनाच्या रात्रीपेक्षाही वाईट. डोक्याच्या आरपार सुई गेल्यासारखी. क्षणभर वाटलं, वही टाकून पळावं. छाती धडधडायला लागली. मग तुमचं आठवलं. म्हटलं, आली का, बस तिकडं, मला काम आहे. श्वास लांब सोडला. नजर अंगठ्यावर.

अंगठा दाबला गेला! मी मान वर केली तर ती माझ्याकडेच बघत होती, डोळे एवढे मोठे. आवाज टाकायचा प्रश्नच नव्हता, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. मी फक्त ओठ हलवले, एकेक शब्द, सावकाश, जसं लहानपणी तिला पाढे शिकवायचो तसं. तिनं उचलला. मग पुढचा. मग तिची ती सुटली, पुढं येऊन पार स्टेजच्या काठाशी उभी राहून बोलली. ऑर्गनवाला मधेच थांबला होता, झोपला असेल, नेहमीचंच. नायक तोंड उघडं टाकून उभा होता, तेही नेहमीचंच. भैय्यालाल का कोण जाणे, माझ्या पाठीमागून वाकून पळाला. मी कशाकडे लक्ष दिलं नाही. आणि थोड्या वेळानं ती उसळी आपोआप बसली, कोणीतरी तार ओढून काढावी तशी. गंमत म्हणजे रोजची शिटीही त्यानंतर बराच वेळ जाणवली नाही.

मी जिंकलो, बाई. तुम्ही सोबत होता म्हणून. तेवढं एकच वाटतं, तुम्ही ते बघायला हव्या होता.

भुवनेश्वर

*

चिचगड
१२ नोव्हेंबर, सांज

भाऊ,

तुमाले गावातलं कोनी सांगन, त्याच्या आधी मीच सांगते. मी होती.

आठ दिवस दसरू म्हनून राहिला, चाल, चाल, मी आहे ना. अखेर कानात बुचं घातली, वरून मफलर बांधला, अन् लखनच्या गाडीत बसली. मांग, फुटान्याच्या दुकानापाशी उभी राहिली. म्हटलं, नाही जमलं तं पळून जाता येते. दसरूनं माझा हात पहिल्या अंकापासून सोडला नाही.

आता नीट बसून वाचा. तिसऱ्या अंकातली ते शिटी तुमच्या कानातली नव्हती, भाऊ. ते माईकची होती.

भैय्यालालच्या त्या नव्या माईकची. अशी शिटी मी जन्मात ऐकली नाही. बुचातून बी आत घुसली. सारा मंडप कान दाबून उभा झाला. लेकरं रडली. ऑर्गनवाला झोपला नव्हता, दोन्ही हात कानावर ठेवून बसला होता. नायक काय बोलनार, तो तं पळायले रस्ता पाहून राहिला होता. टिकेश ओरडे, बंद कर, बंद कर! भैय्यालाल वायरीत अडकून पडला. पोरगी मंधात एकटी उभी. मले वाटलं, गेलं. संपलं. लोकं हासतील अन् पोरीले जलमभर चिडवतील.

ते विंगेकडे वळली. मी बी तिकडं पाहिलं. साऱ्या मंडपात एकच मानूस जागचा हालला नव्हता. मांडी घालून बसले होते तुमी, वही गुडघ्यावर, जसं काही झालंच नाही, अन् ओठ हालवून राहिले होते. पोरीनं तुमाले पाहिलं अन् तिचे खांदे खाली आले. मले दुरून दिसले. ते माईक सोडून समोर आली अन् माईकबिगर बोलली. तार ओढल्यासारखी शिटी बसली म्हंता ना? भैय्यालालनं खरंच तार ओढली. त्याच्यानंतर मंडपात सुई पडली तं ऐकू आली असती. लोकाईनं श्वास धरून ऐकलं, कारन माईक नव्हता. माझ्या साऱ्या आयुष्यात असं नाटक मी पाहिलं नाही, भाऊ, अन् मी लय नाटकं केली.

डरू नोका, तुमचं जिंकनं खोटं नाही झालं. साऱ्याईले ते शिटी बाहेर होती. तुमाले ते आत होती अन् तरी तुमी बसले. आमी सारे कान दाबून उभे होतो तवा एक तुमीच होते का ज्याले अशात काम करायची सवय होती.

परत येताना गाडीत दसरूनं विचारलं, फुला, तुझ्या कानातली काय म्हंते? मी म्हनली, अगा बाई, मी तं पाहिलंच नाही.

पुढच्या मंडईले मी येनार. पुढे बसनार.

फुलवंता

ता.क. भैय्यालालले आता मनसोक्त शिव्या द्या. यंदा चूक त्याचीच होती.

*

कुसुमटोला
१४ नोव्हेंबर

फुलवंताबाई,

तुमचं पत्र मी ओट्यावर उभ्यानं वाचलं आणि हसत खाली बसलो. योगेश्वरी धावत आली, तिला वाटलं, मी पडलो.

मग म्हटलं, आता लपवण्यात अर्थ नाही. रिंकीला जवळ बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. धुरा, डॉक्टर, तुमची पत्रं, अंगठा. ती धान निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले माहीत होतं."

मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, "पोळ्याच्या आधीपासून. तुम्ही रात्री उठून फ्रीज बंद करून अंधारात उभे राहत होते. मी पाहत होती. तुम्ही झोपले का मी उठून तो चालू करत होती. एकच रात्र मले झोप लागली, तर दूध नासलं."

बाई, मी इतके दिवस समजत होतो, फ्रीज मीच परत लावतो.

मी म्हटलं, अगं, मग बापाच्या कानाचा भरवसा नाही हे माहीत असून तू तसली अट घातलीस? बाबा विंगेत बसतील तरच, म्हणून? तर म्हणते, "तुम्ही सोडून देनार होते ना बाबा. सोडलं असतं तर घरी बसून दिवसभर तेच ऐकत राहिले असते. म्हणून मी उभी राहिली. मले कुठं नाटकात काम करायचं होतं?"

आणि परत धान निवडायला लागली. मला शब्द टाकायला विंगेत कोणी नव्हतं.

भैय्यालालला संध्याकाळी जेवायला बोलावलं आहे. शिव्या देणार नाही, ऑगस्टपासूनचं सगळं सांगणार आहे. रिंकी म्हणते, पुढच्या वर्षीही ती उभी राहील, आता तिला चटक लागली. मंडईच्या दिवशी तुमची आणि दसरूभाऊंची जागा पहिल्या रांगेत धरून ठेवतो. भोंग्यापासून लांबच्या कोपऱ्यात.

भुवनेश्वर